फळ्यावर सुरमई

“फळ्यार सुरमय लिव,” सासू म्हणाली.

मी खडू हातात घेऊन तशीच उभी राहिले. खानावळीच्या दारातला फळा रोज सकाळी मीच लिहायची. माझं अक्षर बरं होतं आणि बारावी शिकलेल्या सुनेचा या घराला झालेला तेवढाच उपयोग, असं माझा नवरा जगू चिडवायचा. घरात आम्ही या माशाला इसवण म्हणतो, पण मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांना कळावं म्हणून फळ्यावर सुरमई लिहायची.

“आये, गावात सगळ्यांनी फळे पुसले आसत,” मी म्हटलं. “नाक्यावर अंडाकरी लिवल्यानी. समोर नुसती कोंबडी.”

“सगळ्यांचो झिल बोटीर नाय. माझो आसा. लिव.”

झिल म्हणजे मुलगा, माझा जगू. आमचं लग्न होऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती. सासूचं नाव द्वारका, आणि खानावळीचंही तेच. मालवण बंदराकडून वर येणाऱ्या रस्त्यावर घराच्या पडवीत चार टेबलं, मागे स्वयंपाकघर, आणि दारात तो फळा. माझी जीभ लांब आणि तिची आखूड, त्यामुळे आमचं बरं चालायचं. मी बडबडायची, ती ‘हूं’ म्हणायची, आणि जगू दोघींची नक्कल करायचा.

त्या दिवाळीच्या सुट्टीत अचानक वादळ उठलं. बाहेर गेलेल्या बोटी एकेक करून आसऱ्याला आल्या. एक आली नाही. ‘सातेरी कृपा’. तिच्यावर जगू तांडेल होता, म्हणजे बोट त्याच्या हाताखाली होती. त्याच्याबरोबर आमच्याच वाड्यातला, म्हणजे मच्छीमार वस्तीतला, सदू होता, आणि तिघे खलाशी देवगडकडचे. वायरलेसवर जगूचा आवाज शेवटचा ऐकू आला तेव्हा तो इंजिनाला शिव्या घालत होता. त्यानंतर काही नाही. वादळ निवळल्यावर शोधायला गेलेल्या बोटी रिकाम्या हाताने परत आल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या.

आमच्या वाड्याची एक रीत होती. माणूस दर्यात हरवला, की त्याचं काहीतरी कळेपर्यंत मासे कोणी खायचे नाहीत. का खायचे नाहीत हे कोणी मोठ्याने सांगत नसे. लहान पोराला विचारलं तरी ते मान खाली घालायचं. माशाच्या पोटात काय गेलं असेल, हा विचारच कोणाला करायचा नव्हता. वाड्याच्या मानाने आसपासच्या खानावळीही ही रीत पाळायच्या. म्हणून ऐन सुट्टीत, गाव गाड्यांनी भरलेलं असताना, सगळ्यांनी फळे पुसले होते.

त्यांनी ते आमच्या दुःखाखातर केलं होतं, हे मला कळत होतं. पण समोरच्या फळ्यावर माशांच्या जागी कोंबडी वाचली, की मी नजर फिरवायची. ती अक्षरं मला सांगत होती की जगू गेला. आणि मासे शिजवायचे म्हटलं, तर त्याच दर्यातला मासा हातात घ्यावासा वाटत नव्हता. मला दोन्ही नको होतं. मला माझा नवरा हवा होता.

“मी नाय लिवणार,” मी म्हटलं. “माझ्यान होवचा नाय.”

सासूने माझ्या हातातला खडू घेतला. तिला लिहायला येत नव्हतं. तिने फळ्यावर एक आडवी, वाकडी रेघ ओढली, आणि मग तिला पुढे काय करायचं ते कळेना. ती तशीच फळ्याकडे बघत राहिली. ते मला बघवेना. मी तिच्या हातातून खडू घेतला आणि लिहिलं: सुरमई थाळी. माझं इतकं घाणेरडं अक्षर मी आयुष्यात काढलेलं नाही.

मासा तिने शेजारच्या गावातून आणवला होता. तिथल्या लोकांनी किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढलं होतं. त्यांच्याकडे आमच्या वाड्याची रीत नव्हती. पाटीतून इसवण काढून तिने विळीपुढे ठेवली. रोज मासे मीच कापायची. त्या दिवशी मी विळीवर बसले, मासा उचलला, आणि पोटापाशी आणून थांबले. माझा हात पुढेच जाईना. चांगला मोठा मासा होता, गळ्यापासून शेपटीपर्यंत चकचकीत, आणि पोट भरलेलं.

“सर,” सासू म्हणाली.

ती विळीवर बसली आणि एका दमात पोट फाडलं. मी तोंड फिरवायला हवं होतं, पण फिरवलं नाही. डोळे फाडून बघत राहिले. आत चार-पाच तारल्या होत्या, लहान मासळी, गिळलेली तशीच, आणि दुसरं काही नव्हतं. सासूही बघत होती. मग तिने तारल्या बाजूला फेकल्या, हात धुतले आणि म्हणाली, “खोबऱ्याचां वाटप वाट. पाव्हणे येतले.”

आणि पाहुणे आले. का नाही येणार? सगळ्या गावात मासे मिळणारी आमची एकच खानावळ उरली होती. रिक्षावाल्यांना तर बरंच झालं. बंदरावर उतरलेला माणूस ‘मासे कुठे चांगले मिळतात हो?’ म्हणाला, की ते त्याला सरळ आमच्या दारात आणून सोडायचे, आणि स्वतः मात्र गल्लीच्या तोंडाशी थांबायचे. आत येऊन पाणीसुद्धा पीत नव्हते. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका पदर ओढून घेत आमच्या दारावरून जायच्या. रोज दारात टेकून गप्पा मारणाऱ्या बायका त्या.

त्या पहिल्याच दुपारी पुण्याचं एक कुटुंब आलं. नवरा-बायको आणि नवऱ्याची आई. नवरा टोपी काढून वारा घेत म्हणाला, “काय हो, सगळं गाव उपास करतंय की काय? तीन ठिकाणी फिरलो. मालवणात येऊन अंडाकरी खायची म्हणजे कमाल झाली.”

मी ताटं मांडली.

“ताजी आहे ना पण?” तो म्हणाला. “बर्फातली नको. आजचीच आहे ना समुद्रातली?”

“आजचीच,” मी म्हटलं.

त्याची बायको बोलायला गोड होती. तिने दुसरी तुकडी मागून घेतली आणि सोलकढीचा घोट घेत विचारलं, “ती बोट सापडली का हो? रिक्षावाला सांगत होता.”

“नाही अजून.”

“बाई गं. घरच्यांचं काय होत असेल त्यांच्या.”

मी तिला दोष देत नाही. तिने अगदी मनापासून म्हटलं होतं. मी भाताचं पातेलं टेबलावर ठेवलं, इतक्यात सासू स्वयंपाकघराच्या दारात आली.

“येतली ती बोट,” ती म्हणाली. “वाटेर आसा.”

“तुमच्या ओळखीचं कोणी आहे का त्यात, आजी?”

“झिल आसा माझो.”

बाईचा घास हातातच राहिला. नवऱ्याने ताट पुढे सारलं आणि तो उठायला लागला. कुठे बघावं ते त्याला कळेना. “आम्हाला माहीत नव्हतं हो,” तो म्हणाला.

“बसा,” सासू म्हणाली. “जेवान टाकून उठू नका. पाव्हणे उपाशी गेले म्हणान तेका समजला, तर तो इल्यार माका बोलतलो.”

ती माणसं खाली बसली. त्यांनी जेवण पुरं केलं, पण ताटातून वर कोणी बघितलं नाही.

ती अजून जेवतच होती, तेव्हा अंगणात माणसं आली. पुढे आबा मेथर, आमच्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन. मागे वाड्यातले तिघे-चौघे, आणि त्यांच्याही मागे शालन. शालन म्हणजे सदूची बायको. माझ्याच वयाची, माझ्या सुखदुःखाची. जगू आणि सदू लहानपणापासून एका ताटात जेवलेले, म्हणून आम्हा दोघींचंही जमलं होतं. वादळापासून तिच्या घरात चूल पेटली नव्हती. तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते.

“वयनी,” आबा पायरीवरूनच म्हणाले, “ह्यां बरां दिसणा नाय.”

“काय तां?”

“सगळो वाडो मासे खाणा नाय, आणि तुमच्या दारात गाड्यो लागल्यो आसत. लोकां बोलतत.”

“लोकांका तोंड आसा. बोलतली.”

“लोकां रवांदे, काकी,” शालन पुढे आली. “आता मी बोलतंय. सदू थय पाण्यात आसा, आणि तू हय त्याच पाण्यातले मासे तळतस. तुका करवता कसां?”

शालन जे बोलली, तेच सकाळपासून माझ्या मनात होतं. मी सासूच्या बाजूने उभी होते आणि मनाने शालनच्या.

सासूने विचारलं, “सदू पाण्यात आसा म्हणान तुका कोणी सांगल्यान?”

शालनने आबांकडे बघितलं.

“सदू बोटीर आसा. बोट पाण्यात आसा. कोणी काय बघल्यानी नाय, कोणाक काय सापडाक नाय, आणि तू तेका पाण्यात घालून मोकळी झालंस?”

“वयनी, आमच्याय मनात तसां नाय,” आबा म्हणाले. “पण रीत ती रीत.”

“रीत माका शिकवू नको, आबा. तुझ्या बापाशीनच माका शिकवल्यान ती.”

सासूने पदराला हात पुसले आणि ती पायरीवर आली. इतकं एका वेळी बोलताना मी तिला त्याआधी कधी ऐकलं नव्हतं आणि पुढेही ऐकलं नाही.

“माझो घो, जगूचो बापूस, दर्यात गेलो, तेवा झिल पाळण्यात होतो. तुझो बापूस ह्याच उंबऱ्यार उभो रवलो आणि म्हणालो, द्वारके, आता वाट बघण्यात अर्थ नाय. पाच माणसांनी मान हलवल्यानी. मी ऐकलंय. चुलीवरचो टोप खाली उतरवलंय. बांगडी फोडलंय, कपाळ पुसलंय. मगे कारवारकडचो माणूस निरोप घेवन इलो. तेंका माझो घो गावललो. जितो गावललो. फळकुटाक धरान होतो. बोटीर घेतल्यानी तेवा तेना पाणी मागल्यान, गावाचा नाव सांगल्यान, माझां नाव सांगल्यान. बंदर येवच्या आदी गेलो तो.”

आबांनी टोपी काढून हातात घेतली होती.

“दिवस जुळवन बघितलंय मी,” सासू म्हणाली. “हय मी कपाळ पुसलंय, तेवा तो थय जितो होतो. तो माझां नाव घेत होतो, आणि मी तेका मारून मोकळी झाललंय. परत ह्यां माझ्या हातसून होवचा नाय. जित्या माणसाच्या घरात मासे शिजतत. माझ्या घरात शिजतले.”

ही गोष्ट मला माहीत नव्हती. जगूलाही माहीत नव्हती, हे पुढे कळलं. मला एवढंच माहीत होतं, की गावभर जिच्या हातच्या आमटीचं नाव, ती सासू स्वतः मासा तोंडात घालत नाही. आमच्यात विधवेला मासे वर्ज्य नाहीत. मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाली होती, पोटाला सोसत नाही. मीठ बरोबर पडलंय की नाही ते ती वासावर ओळखायची, आणि मी तिला ‘नाकाने जेवणारी सासू’ म्हणून हसायची. ते हसणं आता मला टोचायला लागलं.

शालन तशीच उभी होती. तिच्या मनात काय चाललंय ते मला कळेना. मग ती चपला काढून आत आली आणि पुण्याच्या माणसांशेजारच्या रिकाम्या टेबलावर बसली.

“तू खा,” ती सासूला म्हणाली.

“काय?”

“दुसऱ्यांका वाढतस. तू खाणस नाय, माका ठावक आसा. झिलार इतको भरवसो आसा, तर माझ्या म्होरं बसून खा.”

मला वाटलं, ती आता ‘ताट वाढायचं काम माझं’ वगैरे काहीतरी म्हणून आत जाईल. ती आत गेलीच. पण ताट घेऊन बाहेर आली. भात, इसवणीची आमटी, एक तळलेली तुकडी. ताट मधे ठेवून ती शालनसमोर बसली. तिने तुकडीचा लचका तोडला, आणि काटा काढायला तिला जमेना. रोज सकाळी मासे साफ करणारी बाई, पण ताटातल्या तुकडीचा काटा काढायची तिच्या बोटांची सवय गेली होती. शालनने हात पुढे करून काटा काढून दिला.

सासूने घास तोंडात घातला. खूप वेळ चावत राहिली. डोळ्यांतून पाणी गालावर आलं, ते तिने पुसलं नाही. मग गिळला.

“सदू जितो आसा?” शालनने विचारलं.

“आसा.”

“शपथ घे.”

“जगूची शपथ,” सासू म्हणाली.

शालनने ताट स्वतःकडे ओढलं आणि जेवायला लागली. किती दिवसांची भूक होती तिला, देव जाणे. ती भराभर, मोठाले घास घेऊन जेवत होती, आणि जेवता जेवता रडत होती. ती पुण्याची बाई उठून तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. आबा आणि बरोबरची माणसं केव्हा अंगणातून निघून गेली, मला कळलं नाही.

“तू पण बस,” सासू मला म्हणाली.

मी बसले. ताटातला मासा मी आधी बाजूला सारला. पण शालन जेवत होती, आणि ती जेवत असताना मी जेवले नसते, तर माझ्याच हाताने जगूला बुडवल्यासारखं झालं असतं. मी खाल्लं. चव काय होती ते आजही सांगता येणार नाही.

त्यानंतर शालन रोज दुपारी यायची. त्याच टेबलावर बसायची, मी तिच्यासमोर. फळ्यावर मी आता न सांगता लिहायला लागले होते, आणि चांगल्या अक्षरात. वाड्यातल्या बायका अजून आमच्याकडे येत नव्हत्या, पण दारावरून जाताना फळ्याकडे बघून जायच्या. एकदा शालन जेवता जेवता हसलीसुद्धा. सदूला मासळीतली डोकीच आवडतात, आणि सासुरवाडीला जाऊनही डोकंच मागतो, म्हणून माहेरी त्याला काय नाव पडलंय ते सांगत होती. आम्ही दोघी हसलो. हसताना सासू दारातून आमच्याकडे बघत होती, आणि मला त्या क्षणी अगदी खात्री होती, की दोघेही येणार.

अशाच एका दुपारी आबा मेथर रस्त्यावरून येताना दिसले. सोसायटीच्या ऑफिसातून येत होते, तिथे फोन होता. एकटेच होते. घाईने येत होते, पण आमच्या अंगणाशी येऊन त्यांची चाल मंदावली. मी उठून उभी राहिले. शालनही उठली. तिचा हात उष्टा होता.

मी आबांचा चेहरा वाचायचा प्रयत्न करत होते. ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या मनात आलं, माझ्याकडे बघत नाहीत, म्हणजे माझाच. मग लक्षात आलं, ते शालनकडेही बघत नाहीत. ते सरळ सासूकडे बघत आले आणि बाकावर बसले.

“पाणी द्या गो थोडा,” ते म्हणाले.

मी पाणी दिलं. त्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि खाली ठेवला.

“बोट गावली,” ते म्हणाले. “इंजीन बंद पडललां. वाहावत खाली गेली. कर्नाटकच्या बोटवाल्यांनी ओढून बंदराक आणल्यानी.”

“माणसां?” सासूने विचारलं.

“चार.”

मी शालनकडे बघितलं, तिने माझ्याकडे. त्या वेळी आम्ही दोघींनी एकच गोष्ट देवाकडे मागितली असेल, आणि ती दोघींना मिळेलच असं नव्हतं. देवगडचे तिघेही होते की बोटीवर, मी स्वतःला सांगत होते. त्यांच्यातलाच कोणीतरी असेल. त्यांच्याही घरी बायका असतील, हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलंच नाही.

आबा माझ्याकडे वळले. “रेवती,” ते म्हणाले, “जगूचो फोन येतलो आता. ऑफिसात चल.”

शालनचं नाव त्यांनी घेतलं नाही. पुढचं कोणाला सांगावं लागलं नाही. शालनने ताटाकडे बघितलं. त्यात अर्धी तुकडी उरली होती. ती मोरीपाशी गेली आणि हात धुवायला लागली. धुतच राहिली. सासू तिच्याजवळ गेली, तर ती म्हणाली, “हात लावू नको माका.”

सदू पहिल्याच रात्री गेला होता. जाळ्याची दोरी बोटीच्या पंख्यात अडकली होती, ती सोडवायला वाकला आणि लाटेने नेला. जगूने त्याचं मनगट धरलं होतं. ते हातातून सुटलं. जगू परत आल्यावर हे सांगताना आपल्या हाताकडेच बघत होता. पहिल्याच रात्री. म्हणजे शालन आमच्या टेबलावर जेवत होती तेव्हा सदू कुठे होता, हे सगळ्या वाड्याला कळलं. शालनला तर आधी कळलं. बायका कुजबुजायला लागल्या: घो दर्यात, आणि ही रोज मासे खायला जात होती. काही तिच्या तोंडावरही बोलल्या.

माझा नवरा परत आला होता. मला वेड्यासारखा आनंद झाला होता, आणि तो मला चोरून ठेवावा लागत होता. जगू झोपला की त्याच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजायची, आणि सकाळी बाहेर पडताना चेहरा उतरवून निघायची. सासू मात्र खचली. तिने खानावळ बंद केली. स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसून राहायची. मी काही बोलले तर म्हणायची, “जगूची शपथ घेवन सांगलंय मी तिका. तो इलो. तिचो गेलो.”

फळा मी पुसून टाकला होता. दारात तो काळा, रिकामा टांगलेला होता.

सदूचं क्रियाकर्म झाल्यावर शालन आली. कपाळ मोकळं, हात मोकळे. मला वाटलं, आता ती बोलणार. बोलायचा तिला हक्कच होता. जगू तिला बघून उठला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सासू खालीच बसून होती. तिने मान वर केली नाही.

“बोल,” सासू म्हणाली. “माका काय बोलाचा तां बोल. मी तुका मासे खावक घातलंय.”

शालन तिच्यासमोर जमिनीवर बसली.

“खूप बोललंय तुका,” ती म्हणाली. “घरात बसून. रोज बोललंय. लोकांच्यापेक्षा जास्त बोललंय. मगे एक मनात इला. तू तुझो घो जितो असताना तेका मारलंस. आणि माझो गेललो, तरी इतके दिवस माका तेका मारूचा लागला नाय. मी हय बसून तेच्या गजाली सांगलंय. हसलंय. तां माका तू दिलंस. दुसऱ्या कोणी दिल्यानी नाय.”

सासूने मान वर केली.

“मासे मी आता खावचंय नाय,” शालन म्हणाली. “माका जमाचा नाय. पण तुझो फळो रिकामो आसा, तां बरां नाय. मी येताना बघलंय. काल खालच्या वाड्यातली एक बोट उशिरान इली. तिच्यारल्या एका पोराच्या आवशीन दोनदा येवन तुझो फळो बघल्यान. काय लिवललां नाय म्हणान दारातच बसली ती. बोट इली तेवा उठली.”

शालन उठली, कोनाड्यातली खडूची डबी घेतली आणि माझ्या हातात ठेवली.

“फळ्यार सुरमय लिव,” ती म्हणाली.

मी बाहेर जाऊन लिहिलं.

आता सासू नाही. तो एक घास सोडला, तर मरेपर्यंत तिने मासा खाल्ला नाही. शालन आमच्या स्वयंपाकघरात असते, वाटप तिच्याच हातचं असतं, आणि मीठ ती वासावर ओळखते. पाहुणे फोनवर आमचं नाव शोधून येतात, थाळीचे फोटो काढतात, आणि मालवणात मासे खायचे तर द्वारकामध्येच खा असं कुठे कुठे लिहितात, ते मुलं मला वाचून दाखवतात. फळा मात्र अजून मीच लिहिते. वारा फिरला आणि एखादी बोट यायची राहिली, की सकाळी पाहुण्यांच्या आधी वाड्यातल्या बायका दारात येतात. आत येत नाहीत, काही विचारत नाहीत. फळ्यावर सुरमई लिहिलेली बघतात, आणि घरी जाऊन चूल पेटवतात.